ग्राफिक्स कार्डचा बायोस बदलताय? आधी थंडावा बघा, फ्लॅश शेवटी

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची व्यवस्था बदलली आणि ग्राफिक्स कार्ड लावून त्याचे मायनिंग करणे एका दिवसात बंद झाले. त्या कामाला जुंपलेली कार्डे जगभरातून जुन्या बाजारात उतरली. एएमडीची आरएक्स ५७० आणि आरएक्स ५८० ही त्यातली सर्वाधिक परिचित नावे. गेमिंगसाठी, लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कमी पैशात कार्ड हवे असलेला ग्राहक आजही याच कार्डांकडे वळतो.

घरी आणल्यावर मात्र तक्रारी सुरू होतात. ड्रायव्हर बसत नाही, स्क्रीनवर ठिपके येतात, पंखा विमानासारखा ओरडतो, गेम अर्ध्यात बंद पडतो. मग कोणीतरी सांगतो, ‘बायोस फ्लॅश कर, सगळं ठीक होईल.’ कधी होतंही. पण चुकीची फाईल चढली तर चालू कार्ड बंद पडते आणि हजारो रुपये पाण्यात जातात. म्हणून फ्लॅशिंगने नेमके काय बदलते आणि काय बदलत नाही, हे आधी समजून घेतलेले बरे.

कार्डचा बायोस म्हणजे काय?

मदरबोर्डला जसा बायोस असतो तसा ग्राफिक्स कार्डलाही स्वतःचा असतो. कार्डवर आठ पायांची एक छोटी चिप असते, तिच्यात तो साठवलेला असतो. मुख्य चिप किती मेगाहर्ट्झवर चालवायची, तिला किती व्होल्टेज द्यायचे, कार्डने जास्तीत जास्त किती वॅट वीज घ्यायची, कोणत्या तापमानाला पंखा किती फिरवायचा, मेमरीचे टायमिंग काय ठेवायचे, मागच्या बाजूला कोणकोणते पोर्ट आहेत, ही सगळी माहिती त्यात असते. संगणक सुरू होताना ड्रायव्हरच्याही आधी हीच माहिती वाचली जाते. जुनी माहिती पुसून नवी लिहिणे म्हणजे फ्लॅश करणे.

थोडक्यात, बायोस हे कार्डला दिलेले आदेशपत्र आहे. आदेश बदलला म्हणून चिप, मेमरी, हीटसिंक आणि पंखा बदलत नाहीत.

मायनिंगवाल्यांनी काय बदलले होते?

आरएक्स ५८० चा मूळ बूस्ट वेग १३४० मेगाहर्ट्झ आणि वीजवापर १८५ वॅट आहे. इथेरियमच्या कामात मुख्य चिपपेक्षा मेमरीचा वेग महत्त्वाचा होता. त्यामुळे मायनिंग करणारे चिपचा वेग आणि व्होल्टेज उतरवत आणि मेमरी ताणत.

मेमरीच्या प्रत्येक वेगासाठी बायोसमध्ये टायमिंगचा वेगळा संच असतो. वेग वाढला की टायमिंग थोडे सैल ठेवावे लागते. मायनिंगच्या बायोसमध्ये कमी वेगाचे, उदाहरणार्थ १७५० मेगाहर्ट्झचे, घट्ट टायमिंग उचलून २००० मेगाहर्ट्झच्या जागी चिकटवलेले असते. मायनिंगमध्ये अधूनमधून एखादे उत्तर चुकले तर ते फक्त नाकारले जाते, काम पुढे चालू राहते. गेममध्ये किंवा व्हिडिओ रेंडर करताना तीच चूक ठिपके, पट्टे किंवा काळी स्क्रीन बनून समोर येते.

दुसरी अडचण ड्रायव्हरची. एएमडीचा विंडोज ड्रायव्हर बायोसची डिजिटल सही तपासतो. फाईलमध्ये फेरफार केलेला असेल तर ड्रायव्हर सुरूच होत नाही आणि डिव्हाईस मॅनेजरमध्ये कार्डापुढे पिवळे चिन्ह दिसते. अशा वेळी मूळ बायोस परत चढवणे हाच खरा उपाय, आणि फ्लॅशिंगचे सर्वांत योग्य कारणही हेच.

फ्लॅश करून काय मिळते, काय मिळत नाही

२०१६ साली आलेल्या आरएक्स ४८० च्या सुरुवातीच्या काही ४ जीबी कार्डांवर प्रत्यक्षात ८ जीबी मेमरी बसवलेली होती. ८ जीबीचा बायोस चढवताच ती उरलेली मेमरी मोकळी झाली. हे शक्य झाले, कारण मेमरी कार्डवर आधीच होती.

जुलै २०१९ मधल्या आरएक्स ५७०० चे उदाहरण याच्या उलट आहे. अनेकांनी तिच्यावर आरएक्स ५७०० एक्सटीचा बायोस चढवला. वीज आणि वेगाची मर्यादा सैल झाली, कामगिरी थोडी वाढली. पण ५७०० मध्ये २३०४ शेडर युनिट आहेत आणि एक्सटीमध्ये २५६०. बायोस बदलून ती २५६ युनिट मिळाली नाहीत. वाढली ती उष्णता, कारण एका कार्डचा वीजवापर १८० वॅट धरलेला आणि दुसऱ्याचा २२५.

कंपनीने स्वतः दिलेले अपडेट ही मात्र वेगळी गोष्ट. जानेवारी २०२० मध्ये आरएक्स ५६०० एक्सटी बाजारात येतानाच नवा बायोस आला आणि अनेक मॉडेलमध्ये मेमरीचा वेग १२ वरून १४ जीबीपीएसवर गेला. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेतल्या आधी विकलेल्या कार्डांना रिसायझेबल बार ही सोय मिळण्यासाठी २०२१ मध्ये बायोस अपडेट करावा लागला. असे अपडेट आपल्याच मॉडेलसाठी, कंपनीच्या साईटवरूनच घ्यावे.

एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून कार्ड स्वतः बायोसची सही तपासते. तिथे फाईल उघडून मनासारखे आकडे भरणे सोपे राहिलेले नाही.

नाव एक, चिप दुसरी

फ्लॅशिंगचा गैरवापरही होतो. २०११ च्या जीटीएक्स ५५० टीआय कार्डावर नवा बायोस चढवून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकल्याची प्रकरणे जगभर उघड झाली आहेत. विंडोजमध्ये नाव १०५० टीआय दिसते, पण आत १९२ कोअर असतात. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ आहेत.

ओळखायचे कसे? जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर २०१८ पासून अशी बनावट एनव्हिडिया कार्डे पकडते आणि नावापुढे ‘फेक’ असे लिहून दाखवते. दुसरी खूण मागच्या पोर्टची. एनव्हिडियाने १० मालिकेपासून जुने ॲनालॉग आउटपुट काढून टाकले. त्यामुळे ‘१०५० टीआय’ला निळा व्हीजीए पोर्ट दिसला तर पैसे देण्याआधी थांबावे.

आरएक्स ५८० घेताना शेडर युनिट मोजावेत. खऱ्या ५८० मध्ये ते २३०४ असतात. २०४८ दिसले तर ते ५७० वर ५८० चा बायोस चढवलेले कार्ड असू शकते, किंवा २०१८ मध्ये चीनसाठी काढलेले ‘५८० २०४८ एसपी’ हे मॉडेल. कार्ड वाईट नसते, पण भाव ५७० चाच द्यावा.

आधी थंडावा

जुन्या कार्डाचा वेग पडण्याचे कारण बरेचदा बायोसमध्ये नसून धुळीत असते. चिप ठरावीक मर्यादेपर्यंत तापली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेत ही कपात साधारण ८३ अंशांच्या आसपास सुरू होते.

पंख्याने येणारी हवा खोलीचीच असते. खोली १२ अंशांनी तापली की तेवढ्याच लोडला, तेवढ्याच पंख्याला चिपही जवळपास १२ अंशांनी वर जाते. बेळगावचा उन्हाळा त्या मानाने सौम्य. ग्वाल्हेर, वडोदरा किंवा हैदराबादच्या मे महिन्यात डिसेंबरची सेटिंग पुरत नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा:

• ब्लोअरने धूळ काढावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरावीत. पंखा हवेने भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होते.

• पंखा हाताने फिरवून पाहावा. अडकत असेल किंवा खरखर आवाज येत असेल तर पंखाच बदलावा.

• हीटसिंक उघडून सुकलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि नवी लावावी. चिपभोवतीचे चार स्क्रू एकदम न आवळता, समोरासमोरचे थोडे थोडे घट्ट करत जावे.

• मेमरी आणि वीजपुरवठ्याच्या भागावरचे थर्मल पॅड फाटले असतील तर त्याच जाडीचे घ्यावेत. १ मिमीच्या जागी २ मिमीचा पॅड बसवला तर हीटसिंक मुख्य चिपला टेकतच नाही आणि कार्ड पहिल्यापेक्षा जास्त तापते.

• कॅबिनेटमध्ये पुढून हवा आत आणि मागून बाहेर, असे किमान दोन पंखे असावेत. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नये.

मग व्होल्टेज, तेही सॉफ्टवेअरमधून

चिपचा वीजवापर वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडे उतरवले तरी फायदा मोठा होतो. ११५० मिलीव्होल्टवरून १०७५ वर आल्यास चिपचा वीजवापर हिशेबाने साडेबारा टक्क्यांच्या आसपास घटतो. गेमचा वेग तेवढाच राहतो आणि पंखा शांत होतो.

यासाठी फ्लॅशची गरज नाही. एएमडीच्या ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनिंगचा भाग आहे. एनव्हिडियासाठी एमएसआय आफ्टरबर्नर चालते. एका वेळी १० ते १५ मिलीव्होल्ट उतरवावेत, अर्धा तास गेम किंवा टेस्ट चालवावी, मग पुढची पायरी घ्यावी. ठिपके दिसले किंवा संगणक अडकला की एक पायरी परत वर. इथे चूक झाली तरी रीस्टार्ट करून सेटिंग पूर्ववत करता येते. फ्लॅशमध्ये ती सोय नसते.

गेमिंग कॅफेवाल्यांनी बिलाचाही हिशेब करावा. एका कार्डमागे ४५ वॅट वाचले आणि मशीन रोज आठ तास चालली तर महिन्याला १०.८ युनिट वाचतात. दहा मशीनचे १०८ युनिट झाले. आपल्या बिलावरच्या दराने गुणले की आकडा समोर येतो.

फ्लॅश करायचेच असेल तर

१. सध्याचा बायोस जीपीयू-झेडमधून सेव्ह करून पेन ड्राईव्हवर ठेवावा. कार्ड अर्धवट चालत असले तरी ही फाईल लागतेच.

२. मेमरी कोणत्या कंपनीची आहे ते बघावे. सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन, एल्पिडा यांचे टायमिंग वेगळे असते. एकाच मॉडेलच्या दोन कार्डांवर वेगवेगळी मेमरी असू शकते.

३. कार्डामागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि फाईल जुळवावी. टेकपॉवरअपच्या संग्रहात जुन्या कार्डांचे मूळ बायोस मिळतात. तिथेही मेमरीची यादी तपासूनच फाईल घ्यावी.

४. संगणक यूपीएसवर असावा. लिहिणे चालू असताना लाईट गेली तर बायोस अर्धवट राहतो.

५. एएमडीसाठी एएमडीव्हीबीफ्लॅश आणि एनव्हिडियासाठी एनव्हीफ्लॅश ही साधने वापरली जातात. काम पूर्ण झाल्याचा संदेश आल्याशिवाय रीस्टार्ट करू नये.

६. हमी शिल्लक असेल तर कंपनीचा अधिकृत अपडेट सोडून काहीही चढवू नये. फेरफार आढळल्यास हमी नाकारली जाऊ शकते.

स्क्रीन काळी झाली तर

घाबरून कार्ड भंगारात देऊ नये. अनेक कार्डांवर दोन बायोस असतात आणि वरच्या कडेला छोटा स्विच असतो. संगणक बंद करून स्विच दुसऱ्या बाजूला करावा, चांगल्या बायोसवर संगणक सुरू करावा, विंडोज आल्यावर स्विच पुन्हा बिघडलेल्या बाजूला आणून तिथे मूळ फाईल लिहावी.

स्विच नसेल तर प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्सवर मॉनिटर जोडून फ्लॅश करता येते. इंटेलच्या ‘एफ’ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये ही सोय नसते, तेव्हा दुसरे जुने कार्ड लावावे लागते. संगणक कार्डाला ओळखतच नसेल तर सीएच३४१ए नावाचा प्रोग्रॅमर आणि आठ पायांची क्लिप लावून चिपवर थेट लिहिता येते. मात्र काही नव्या कार्डांची चिप १.८ व्होल्टची असते. तिला थेट ३.३ व्होल्ट दिले तर ती जळू शकते. हे काम लॅपटॉप-मदरबोर्ड दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून करून घेतलेले स्वस्त पडते.

जुने कार्ड घेताना

दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी कार्ड लावूनच बघावे. जीपीयू-झेडमध्ये नाव, शेडर युनिट, मेमरीची कंपनी आणि बायोसची आवृत्ती पाहून मोबाईलवर फोटो काढावा. कंपनीच्या साईटवरचा ताजा ड्रायव्हर तिथेच बसवावा. मग वीस मिनिटे टेस्ट चालवून तापमान आणि पंख्याचा आवाज बघावा. बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव आणि सिरीयल क्रमांक लिहून घ्यावा, परत करण्याची मुदतही लिहून घ्यावी. ‘फक्त बायोस टाकला की चालेल’ असे विकणारा म्हणत असेल, तर तो बायोस त्यालाच टाकून दाखवायला सांगावे आणि पैसे त्यानंतर मोजावेत.