‘डिटेन’ आणि ‘अरेस्ट’: ताब्यात घेणं आणि अटक करणं यात फरक काय?

‘पोलिसांनी अमुक जणांना डिटेन केलं’ अशी बातमी येते आणि काही मिनिटांत ती ‘अमुक जणांना अटक’ म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरू लागते. इंग्रजीतली ही दोन क्रियापदं जवळची असली तरी त्यांचा अर्थ एक नाही.

शब्दांचा मूळ अर्थ

‘डिटेन’ लॅटिनमधून आला. अर्थ, रोखून ठेवणं. म्हणूनच हजेरी कमी भरली की कॉलेज विद्यार्थ्याला ‘डिटेन’ करतं. त्यात गुन्ह्याचा संबंध नसतो. ‘अरेस्ट’ जुन्या फ्रेंचमधून आला. अर्थ, थांबवणं. हृदय अचानक बंद पडलं की डॉक्टर ‘कार्डिअॅक अरेस्ट’ म्हणतात, तो याच अर्थाने.

कायद्याच्या भाषेत

डिटेन म्हणजे ताब्यात घेणं. आंदोलकांना रस्त्यावरून हटवून गाडीत बसवणं, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ नुसार, पोलिसांचे कायदेशीर निर्देश न पाळणाऱ्याला ताब्यात घेता येतं. त्याला दंडाधिकाऱ्यांसमोर नेता येतं किंवा प्रकरण किरकोळ असेल तर २४ तासांच्या आत सोडावं लागतं.

अरेस्ट म्हणजे अटक. ही औपचारिक कारवाई आहे. तिचा पंचनामा होतो, कारण सांगावं लागतं, नातेवाईक किंवा मित्राला कळवावं लागतं. संविधानाच्या कलम २२ नुसार अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे. प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांत तिला जवळच्या दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणंही बंधनकारक आहे.

मग गोंधळ का होतो?

कारण याच कलमाच्या इंग्रजी मजकुरात ‘अरेस्टेड अँड डिटेन्ड इन कस्टडी’ असे दोन्ही शब्द एकत्र येतात. म्हणजे अटक झालेला माणूस कोठडीतही ‘डिटेन’ केलेलाच असतो. पण ताब्यात घेतलेला प्रत्येक जण अटकेत असतोच असं नाही.

त्यात ‘प्रिव्हेंटिव्ह डिटेन्शन’ हा तिसरा प्रकार आहे. मराठीत याला स्थानबद्धता म्हणतात. इथे घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा नसते, तर पुढचा धोका टाळण्यासाठी डांबलं जातं. महाराष्ट्रात एमपीडीए कायद्याखाली अशी कारवाई होते. ३ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायचं असेल तर सल्लागार मंडळाचा होकार लागतो. त्यामुळे ‘फक्त डिटेन केलंय’ म्हणजे प्रकरण हलकं, असंही नाही.

फरक लक्षात ठेवणं का गरजेचं?

चौकशीसाठी ताब्यात घेतलेला माणूस गुन्हा दाखल न होता संध्याकाळी घरी येऊ शकतो. तोवर ‘अटक’ या शब्दासह त्याचं नाव आणि फोटो गावभर झालेला असतो. त्याच्या सुटकेची बातमी तेवढ्या लोकांपर्यंत पोहोचत नाही.

अटक झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, असंही नाही. दोष ठरवण्याचं काम न्यायालयाचं. त्यामुळे मूळ बातमीत ‘ताब्यात’ असेल तर फॉरवर्ड करतानाही ‘ताब्यात’च लिहा. आणि घरच्या कुणाला पोलिसांनी नेलं, तर पहिला प्रश्न हाच विचारा: ताब्यात घेतलंय की अटक केलीय?