मूल मागे पडतंय ते भाषांमुळे की आणखी कशामुळे? सीमाभागातल्या पालकांसाठी माहिती

हिंडलगा : आपल्या भागातलं मूल घरी मराठी बोलतं, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी शिकतं आणि बाजारात तिन्ही भाषा ऐकतं. त्यामुळे ते उशिरा बोलायला लागलं किंवा वाचताना अडखळलं, की घरातले म्हणतात, ‘भाषांचा गोंधळ झालाय, होईल आपोआप.’ या एका समजुतीपायी तपासणीची महत्त्वाची वर्षं निघून जातात.

न्यूरोडायव्हर्सिटी म्हणजे काय?

सगळ्यांचे मेंदू एकाच पद्धतीनं शिकत नाहीत, ऐकत नाहीत की लक्ष देत नाहीत. हा फरक सांगणारा न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द 1990 च्या दशकात पुढे आला. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, एडीएचडी, डिस्लेक्सिया हे त्यातले ठळक प्रकार. हा आळस किंवा हट्ट नव्हे, आणि आईच्या संगोपनाचा दोषही नव्हे.

ओळखायचं कसं?

दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम होत नाही. वर्षाचं मूल हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं मूल बोटानं वस्तू दाखवत नसेल, तर थांबू नका. आधी ऐकू येतं का ते तपासा, मग बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घरातली मराठी बंद करायची गरज नाही.

वाचनाचंही तसंच. मूल मराठी सहज वाचतं आणि फक्त कन्नडमध्ये अडतं, तर बहुधा सरावाचा प्रश्न असतो. पण शिकवूनही देवनागरी, कन्नड, इंग्रजी सगळीकडेच अक्षरं जुळवताना दमछाक होत असेल, तर डिस्लेक्सियाची तपासणी करावी. मुलाला कोणत्या भाषा येतात, हे तपासणाऱ्याला आधीच सांगा.

कायदा काय देतो?

दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकार आहेत. ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखे प्रकार, त्यात येतात. एडीएचडीचं नाव मात्र यादीत नाही. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख कायद्याच्या कलम 17 मध्येच आहे. तीन भाषांचं ओझं असलेल्या आपल्या मुलांसाठी हे कलम मोलाचं आहे. शाळेकडे अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. कलम 58 नुसार हे प्रमाणपत्र देशभर चालतं. म्हणजे बेळगावात काढलेलं प्रमाणपत्र कोल्हापूरच्या कॉलेजातही ग्राह्य धरावं लागतं. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. राज्याची पेन्शन मात्र त्या राज्याच्या रहिवाशालाच मिळते, त्यामुळे निपाणीच्या कुटुंबानं ती कर्नाटकातच मागायची.

घरी आणि कामावर

घरी दिवसाचा क्रम ठरलेला ठेवा. एका वेळी एकच सूचना द्या. पाहुणे येणार असतील, गावच्या जत्रेला जायचं असेल, तर आदल्या दिवशी सांगा. फटाके, लाऊडस्पीकर सहन होत नसतील तर मुलाला शांत खोलीत जाऊ द्या, ‘लाजतोय’ म्हणून ओढून आणू नका.

अशी माणसं उद्यमबागच्या कारखान्यात, दुकानात, बँकेतही काम करू शकतात. मालकाला फार खर्च नाही : काम तोंडी न सांगता लिहून द्यावं, जागा आणि शिफ्ट सारखी बदलू नये, आवाजापासून थोडा आडोसा द्यावा. मुलाखतीत नजरेला नजर देतो का यापेक्षा प्रत्यक्ष काम करून घेऊन पाहावं. कायद्यानं प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, खासगी आस्थापनाही त्यातून सुटलेली नाही. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणातही ऑटिझम आणि अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे.

‘होईल आपोआप’ म्हणत वर्ष घालवण्यापेक्षा एकदा तपासून घेतलेलं बरं. काही नाही निघालं तर चिंता मिटेल, निघालं तर मदत वेळेत सुरू होईल.