ग्लासगोच्या गोदींतील एक सामुराई

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्याचें परदेशांतून पत्र आलें. तो यंत्रशास्त्राचा विद्यार्थी. संशोधनाच्या उमेदवारीसाठीं दोन महिने तेथील एका प्रयोगशाळेंत राहिला होता. तेथले आचार्य स्वतः यंत्र उघडून हात काळे करतात, आणि शिकाऊ पोरही त्यांना तोंडावर ‘आपलें येथें चुकलें’ असें म्हणतो, याचें त्याला मोठें नवल वाटलेलें दिसलें. पत्र वाचतांना आम्हांला दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वींच्या एका उमेदवाराची आठवण झाली.

यामाओ योझो हा जपानांतील चोशू संस्थानाचा सामुराई. १८६३ च्या आरंभीं येदो येथील ब्रिटिश वकिलातीची नवी इमारत जाळणाऱ्या टोळींत तो होता. आणि त्याच वर्षीं, परदेशगमनास देहान्त शासन असतां, चार सोबत्यांसह तो चोरून इंग्लंडला निघाला! ज्यांचीं घरें जाळावयाचीं त्यांचीच विद्या शिकावयाची, ही विसंगति वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण तिच्यांतील हिशेब सरळ होता. परक्यांस थोपविण्यास तलवार पुरणार नाहीं, आगबोटी पाहिजेत, हें या तरुणांस उमगलें होतें. त्यांपैकीं इतो हिरोबुमी पुढें जपानचा पहिला पंतप्रधान झाला. लंडनमध्यें युनिव्हर्सिटी कॉलेजांतील रसायनाचे अध्यापक विल्यमसन यांनीं त्यांना आश्रय दिला.

१८६६ सालीं यामाओ ग्लासगोस गेला. प्रवासापुरता पैसा जवळ नव्हता. तो सात्सुमा संस्थानाच्या विद्यार्थ्यांनीं वर्गणी काढून दिला. हीं दोन संस्थानें स्वदेशीं दोनच वर्षांपूर्वीं एकमेकांशीं लढलीं होतीं हें ध्यानांत ठेवलें म्हणजे या वर्गणीचें मोल कळतें. दिवसां नेपियरच्या गोदींत जहाजबांधणीचें काम आणि रात्रीं अँडरसन्स कॉलेजांतील वर्ग, असा त्याचा क्रम. आतां सामुराई म्हणजे कमरेला दोन तलवारी बाळगणारा. हातोडा आणि कानस हीं कारागिरांचीं आयुधें. आपल्याकडे ज्यानें पोथी धरली त्यानें पटाशी धरूं नये असा जो दंडक, तोच थोड्याफार फरकानें तेथेंही होता. ग्लासगोंत मात्र दिवसभर लोखंड ठोकणारा मनुष्य संध्याकाळीं हात धुऊन विज्ञानाच्या वर्गांत बसे, आणि त्यांत कोणाला कांहीं विशेष वाटत नसे. त्याच संध्यावर्गांना हेन्री डायर नांवाचा एक स्कॉच उमेदवारही येत असे. दोघांची ओळख मात्र तेव्हां झाली नाहीं.

गोदींत त्याला आणखी एक गोष्ट दिसली. तेथें कांहीं मूकबधिर कामगार होते. ते खुणांनीं बोलत व इतरांच्या बरोबरीनें काम करीत. (त्या घणांच्या गजरांत धडधाकट कानांचा तरी काय उपयोग होत असेल, असें आमच्या मनांत येतें.) यामाओनें तें दृश्य जपून ठेविलें. १८७१ सालीं, सरकारी अधिकारी झाल्यावर, अंध व मूकबधिर मुलांसाठीं शाळा काढावी असा अर्ज त्यानें सरकारास केला. जहाजें बांधावयास गेलेला मनुष्य येतांना हें घेऊन येईल, असें कोणास वाटलें असतें?

तोक्योंत त्याच्या पुढाकारानें अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. १८७३ सालीं त्याचा मुख्य म्हणून आला तो हाच डायर. वय अवघें २४! त्यानें आंखलेला अभ्यासक्रम सहा वर्षांचा, आणि त्यांतील शेवटचीं दोन वर्षें प्रत्यक्ष कामावर घालवावयाचीं.

येथें मन पुण्याकडे वळल्यावांचून राहत नाहीं. पुण्यांत अभियांत्रिकीचा वर्ग १८५४ सालींच निघाला होता. पण हेतु सरकारी बांधकाम खात्यास दुय्यम अधिकारी पुरविण्याचा. त्याहीपूर्वीं, १८३८ सालीं, मुंबईच्या वाडिया घराण्यांतील जहांगीर नौरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण चॅथमच्या गोदींत जहाजबांधणी शिकावयास गेले. त्यांचें प्रवासवर्णन १८४१ सालीं लंडनांत छापलें गेलें. बुद्धीनें वा चिकाटीनें ते यामाओहून कमी होते असें मानण्यास आम्हांस कांहींच आधार दिसत नाहीं. पण ते परतले ते कंपनीच्या गोदींत. यामाओ परतला तो स्वतःच्या देशाच्या सरकारांत.

तोक्योच्या महाविद्यालयांतून १८७९ सालीं पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांपैकीं ११ जण पुढल्याच वर्षीं ब्रिटनला धाडण्यांत आले. त्यांतला शिदा रिन्झाबुरो ग्लासगोंत विल्यम थॉमसन यांच्या हाताखालीं विद्युच्छास्त्र शिकला. आणि १९०१ सालीं, डायरच्या पाठिंब्यानें, ग्लासगो विश्वविद्यालयानें प्रवेशपरीक्षेंत जपानी भाषेस मान्यता दिली.