प्री-वेडिंग शूट : कॅमेरा काढण्याआधीची कामं आणि नंतरची जबाबदारी

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. स्टुडिओत प्री-वेडिंगची विचारणा त्याच्याही आधीपासून चालू असते. काही वर्षांपूर्वी हे शहरातलं खूळ वाटायचं. आता सातारा जिल्ह्यात माण-खटावपासून पाटणपर्यंत साखरपुडा झाला की पोरं विचारतात, शूट कधी? काम वाढलं तशी भांडणंही वाढली. कुठं पैशावरून, कुठं उभ्या पिकात शिरल्यावरून, तर कुठं मुलीला न विचारता तिचे फोटो मोबाईलवर फिरल्यावरून. यातली बरीच भांडणं आधी नीट बोलणं न झाल्यामुळं होतात. म्हणून तालुक्यातल्या फोटोग्राफर मंडळींसाठी या कामाच्या गोष्टी.

आधी बैठक, मग तारीख

ठरवायला बहुतेक वेळा मुलगा एकटाच येतो. त्याच्याशी सगळं ठरवून मोकळं होऊ नका. मुलीशीही बोला, निदान फोनवर तरी. कांदेपोह्यांनंतर दोघं दोन-तीनदाच भेटलेली असतात. कपडे कोणते, किती जवळ उभं राहायचं, उचलून घेण्याची पोज चालेल का, हे तिच्या तोंडून ऐका. ती नको म्हणाली तर तो विषय तिथंच संपला.

वयही विचारून घ्या. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ प्रमाणे मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षं पूर्ण हवीत. नसतील तर काम घेऊ नका. अशी माहिती १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर देता येते.

मग एका कागदावर लिहा : तारीख, किती तास, किती जोड कपडे, एडिट केलेले फोटो किती, व्हिडिओ किती मिनिटांचा, गाडी आणि जेवणाचा खर्च कोणाचा, ॲडव्हान्स किती, फोटो कधी मिळणार. पाऊस आला किंवा घरात सुतक पडलं तर तारीख कशी बदलायची, तेही लिहा. खाली दोघांच्या सह्या घ्या. पानभर कागद पुरतो, पण पुढची कटकट वाचते.

जागा निवडताना

वाईजवळचा मेणवलीचा घाट सगळ्यांना माहीत आहे, 'स्वदेस' सिनेमाचं शूटिंग तिथं झालं होतं. घाटावर गर्दी होण्याआधी सकाळी लवकर जा. वाड्यात आत काम करायचं असेल तर तिथल्या माणसांना आधी विचारा.

कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. फुलांच्या हंगामात तिथं शुल्क आणि नियम असतात. फोटोसाठी फुलांत उतरून बसू नका, पायाखाली गेलेलं फूल पुढच्या वर्षीचं बी घेऊन जातं.

प्रतापगडासह बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. संरक्षित वास्तूवर व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते. गडावर कसले फोटो काढायचे याबद्दल लोकांच्या भावनाही तीव्र आहेत. नऊवारी, फेटा आणि साधी पोज असेल तर सहसा कोणी अडवत नाही, बाकीचं गडाखाली करा.

शेतात शूट करायचं असेल तर मालकाला विचारल्याशिवाय बांधावरसुद्धा चढू नका. झेंडू किंवा हरभऱ्याच्या रानात चार माणसं दोन तास फिरली तर नुकसान होतंच. सरीतून चाला, ठिबकच्या नळ्या सांभाळा, गेट उघडलं असेल तर लावून घ्या. उसाची पाती अंग कापते, म्हणून पूर्ण बाहीचे कपडे सांगा.

दोन जागा मात्र टाळाच. एक म्हणजे रेल्वेचा रूळ. पुणे-मिरज मार्गावर कुठंही विनापरवाना रुळावर उतरणं हा गुन्हा आहे, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. दुसरी म्हणजे धरणाचं पाणी. धोम असो की कोयना, पाणी ओसरलेल्या काठावर वरून कोरडा दिसणारा गाळ पाय धरून ठेवतो. साडी नेसलेल्या मुलीला तिथं उभं करू नका. कालव्याच्या अस्तरावरून पाय घसरला तर वर यायला आधार मिळत नाही.

उजेड आणि पोज

हिवाळ्यात सकाळी ऊन पडल्यापासून दीड तास आणि संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधीचा दीड तास, एवढाच उजेड खरा कामाचा. दुपारी बारा ते तीन डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, ती वेळ जेवणाला ठेवा. उसाला तुरा आला असेल तर जोडप्याच्या पाठीमागून ऊन घ्या, तुरा चांदीसारखा चमकतो. चेहरे काळे पडू नयेत म्हणून समोरून पांढरा थर्माकोल धरा, महागडा रिफ्लेक्टर नसला तरी चालतं. ५० किंवा ८५ एमएमची लेन्स चेहऱ्याला बरी. दोघांचे चेहरे फोकसमध्ये हवेत म्हणून ॲपर्चर फार उघडू नका, एफ २.८ ते ४ ठेवा. एडिटिंगमध्ये सावळा रंग धुऊन गोरा करू नका.

पहिला अर्धा तास दोघं अवघडलेली असतात. तेव्हा पोज सांगू नका. बांधावरून चालायला लावा, चहा प्यायला बसवा, बोलू द्या, तुम्ही लांबून फोटो घ्या. सोबत मुलीची बहीण किंवा वहिनी असली की तिला मोकळं वाटतं. कपडे बदलायला आणि बाथरूमला ओळखीचं घर आधीच बघून ठेवा. गाडीत कपडे बदलायला लावणं बरं नाही.

ड्रोन

ड्रोन नियम २०२१ मध्ये आले. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर नोंदणी आणि रिमोट पायलट प्रमाणपत्र दोन्ही लागतात. डिजिटल स्कायच्या नकाशावर झोन बघा, स्थानिक ड्रोनबंदीचा आदेश निघालाय का ते पोलीस ठाण्यात विचारा.

फोटो कोणाचे?

इथं बरेच जण चुकतात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे स्टुडिओच्या जाहिरातीत किंवा इन्स्टाग्रामवर टाकायला परवानगी हवी. ती लेखी घ्या आणि दोघांचीही घ्या.

कारण सोयरीक मोडू शकते. तसं झालं तर मुलगा पुढं निघून जातो, मुलीचे फोटो मात्र तिच्या पुढच्या स्थळापर्यंत पोचतात. म्हणून लग्न लागेपर्यंत एकही फोटो बाहेर टाकू नका. सोयरीक मोडल्याचं कळलं तर स्वतःहून पोस्ट काढा. कच्चे फोटो कोणा मित्राला दाखवू नका, हार्ड डिस्कला पासवर्ड लावा. शूट संपल्याबरोबर दोन ठिकाणी कॉपी करा, त्याआधी कार्ड फॉरमॅट करू नका.

मंडपातल्या स्क्रीनवर व्हिडिओ लावायचा असेल तर आधी दोघांना पूर्ण दाखवा. काही समाजांनी प्री-वेडिंग नको असे ठराव केलेत, त्यात मोठा राग या स्क्रीनवरच्या दृश्यांचाच आहे. आजी-आजोबांसमोर चालेल तेवढंच मंडपात, बाकीचं त्यांच्या अल्बममध्ये.

गावाकडं पुढचं काम जाहिरातीवर कमी आणि पाहुण्यांच्या तोंडून जास्त येतं. मुलीच्या घरच्यांनी 'पोरगा भरवशाचा आहे' म्हटलं, की तिच्या बहिणीचं, मावसबहिणीचं शूटही तुमच्याकडंच येतं.