सीमेवरची भाकरी

आदिलाबादच्या बाजारात मराठी गिऱ्हाईक ‘जोंधळे कसे दिले?’ म्हणून विचारते. तेलुगू गिऱ्हाईक ‘जोन्नलु’ म्हणते. या दोन शब्दांतले सख्य कानाला लगेच कळते. चुलीपाशीही तेच. आमची भाकरी ती त्यांची जोन्न रोट्टे. थापायची रीत एकच. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नाही, म्हणून कढत पाण्यात पीठ मळून, तळहाताने फिरवत थापावे लागते. तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात, आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवणे. पीठ जुने झाले तर विरी जाते व भाकरी उचलतानाच फाटते. हे शास्त्र आमच्या आजीला शाळेत न जाता अवगत होते. गोंडांच्या गुड्यांतही ज्वारी हेच मुख्य धान्य.

गव्हाचा मान सणापुरता. पाडव्याला आमच्याकडे पुरणपोळी, त्याच दिवशी शेजारच्या घरी उगादीचे बक्षालु. ताटांची अदलाबदल होई, पण आमच्या पुरणात वेलदोडा कमी, हा शेजारणीचा शेरा ठरलेला.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. तोवर किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. ते मुंबई राज्यात गेले, आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. नकाशावर रेघ उमटली, पण तव्यावर ती लगेच उमटली नाही. माझ्या मते ती उमटवली रेशनच्या दुकानाने. पलीकडच्या सोयऱ्यांनी 1972च्या दुष्काळात परदेशी तांबडा मिलो नाइलाजाने थापला. पुढे रेशनचा गहू रुळला आणि पोळी रोजची झाली. अलीकडे 1983 साली एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ दिला. तेव्हा मी शाळकरी होतो. गरिबाच्या घरी रोज भात शिजू लागला, ही लहान गोष्ट नव्हे, तिला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. तरीही आजी भाताचे ताट रिकामे करून म्हणे, “आज जेवण झालंच नाही.”

दरम्यान शेतही बदलले. ज्वारीच्या जागी कापूस आला. कापसाने हातात पैसा दिला, पण कडबा दिला नाही. बैल विकताना हा हिशेब उमगला. थोडीफार रब्बी ज्वारी अजून पेरली जाते, तिच्यावर पाखरांची धाड पडते. राखण करायला पोर कुणाचे मोकळे नाही, आणि मुख्याध्यापक या नात्याने मी ते असावे असेही म्हणू शकत नाही.

भाकरी थापणाऱ्या हातांचे मात्र खरोखर कठीण आहे. माझ्या दोन्ही सुनांना पोळी उत्तम लाटता येते, भाकरी येत नाही. दोष त्यांचा नाही, त्यांच्या माहेरी परात कधी या कामाला निघालीच नाही.

डॉक्टरांनी साखरेच्या रोग्यांना ज्वारी सांगितल्यापासून संध्याकाळी रस्त्याच्या कडेला जोन्न रोट्टे भाजणाऱ्या बाया बसू लागल्या आहेत. गिऱ्हाइकांत मीही असतो. आजीच्या काठवटीत सध्या आमच्याकडे कांदे ठेवलेले असतात.