रोडबाइकला मागचे मडगार्ड निवडताना...

जूनचे पहिले पाऊस झाले, की सिंहगडच्या पायथ्याकडे, बोपदेव घाटाकडे किंवा लोणावळ्याकडे पहाटे निघणाऱ्या सायकलस्वारांच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा एक सरळ पट्टा दिसू लागतो. तो पाहिला, की सायकल कोणत्या जातीची आहे हे वेगळे विचारावे लागत नाही. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला पोलादी मडगार्ड कारखान्यातूनच बसवून मिळे. शर्यतीच्या बांध्याची, अरुंद टायरची रोडबाइक मात्र वजन वाचविण्यासाठी मडगार्डशिवायच विकली जाते. बऱ्याच रोडबाइकच्या सांगाड्याला मडगार्डच्या स्क्रूसाठी भोकेही नसतात. त्यामुळे पावसाळ्यापुरते लावून नंतर काढून ठेवता येईल, असे मागचे मडगार्ड हा बहुतेकांसमोरचा व्यवहार्य पर्याय ठरतो.

प्रश्न केवळ कपड्यांचा नाही. शहरातील रस्त्यावरच्या पाण्यात वाळू, तेल, गटाराचे पाणी आणि उंदीर-घुशींचे मूत्र मिसळलेले असते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत पसरलेली लेप्टोस्पायरोसिसची साथ अनेकांना आठवत असेल. त्याचे जंतू जखमेतून तसेच डोळे, नाक व तोंडाच्या नाजूक त्वचेतून शरीरात शिरतात. आणि पुढच्या सायकलचे मागचे चाक जे पाणी उडवते, ते नेमके मागून येणाऱ्याच्या चेहऱ्यावर बसते.

पाणी कुठे जाते?

मडगार्ड विकत घेण्यापूर्वी हे समजून घेतले, तर निम्मी निवड आपोआप होते. टायरला चिकटलेले पाणी चाकाच्या परिघाला स्पर्शरेषेत सुटते. ताशी ३० किलोमीटर वेगात टायरच्या मागच्या कडेवरून सरळ वर सुटणारा थेंब, हवेचा विरोध सोडून दिल्यास, सुमारे साडेतीन मीटर उंच जाऊ शकतो. ताशी २० किलोमीटर वेगातही तो दीड मीटर चढतो, म्हणजे सावकाश चालविल्याने पाठ वाचत नाही.

चाकाच्या मागच्या बाजूचे, आसापेक्षा बरेच वर असलेले पाणी सीटवर येते. त्याच्या थोडे खालचे पाठीवर जाते. आसापेक्षाही खालून सुटणारे पाणी स्वाराला लागतच नाही. ते मागच्याच्या वाट्याला येते. म्हणूनच लहान मडगार्ड स्वतःपुरते पुरते आणि समूहात चालविणाऱ्याला खालपर्यंत उतरणारे लांब मडगार्ड लागते. एकट्याने कामावर जाणाऱ्याने आणि रविवारी दहा जणांच्या रांगेत जाणाऱ्याने एकच वस्तू घेण्यात अर्थ नाही.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा, तर एक दोरा पुरतो. स्वाराला भिंतीच्या आधाराने सायकलवर बसवावे, दोऱ्याचे एक टोक टायरच्या मागच्या भागावर धरावे आणि दोरा टायरला स्पर्शरेषेत ताणून स्वाराच्या पाठीकडे न्यावा. टायरवरच्या ज्या बिंदूपासून तो दोरा मानेला लागतो, तेथून सुटणारे पाणी मडगार्डच्या टोकाने अडले पाहिजे. ही चाचणी केली, की दुकानातील निम्मी मडगार्डे अपुरी असल्याचे दिसते.

तीन प्रकार

सर्वांत साधा प्रकार म्हणजे सीटखालच्या दोन सळ्यांत अडकविण्याची प्लॅस्टिकची घडीची जीभ. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या ‘ॲस सेव्हर्स’मुळे हा प्रकार जगभर माहीत झाला. वजन नगण्य, कोणत्याही सायकलला चालणारी, खिशात मावणारी. पण तिच्याकडून सीट आणि कंबर एवढेच कोरडे राहण्याची अपेक्षा ठेवावी. अचानक सर आली तर काढायला म्हणून ती बॅगेत असावी. अख्खा श्रावण तिच्या भरवशावर काढता येणार नाही.

दुसरा प्रकार सीटच्या दांड्याला पट्ट्याने किंवा चिमट्याने बसतो आणि चाकावर लांब पसरतो. बाजारात हाच जास्त दिसतो आणि तक्रारीही याच्याच जास्त असतात. एका टोकाला धरलेली लांब पट्टी खड्ड्यांच्या रस्त्यावर हळूहळू एका बाजूला फिरते; स्वाराला पत्ताही लागत नाही आणि घरी आल्यावर पाठीची एकच बाजू रंगलेली असते. चाकापासून ती उंच राहत असल्याने थेंब आजूबाजूने निसटतात, म्हणून ती टायरपेक्षा बरीच रुंद हवी. सीटचा दांडा गोल नसून चपटा असेल, तर गोल चिमटा धरत नाही. रबरी पट्टाच लागतो. शिवाय त्याच दांड्यावर मागचा दिवा आणि सीटखालची पिशवीही असते. मडगार्डने दिवा झाकला जाणे ही किरकोळ गैरसोय नव्हे. दोनशे किलोमीटर व त्यापुढील ब्रेव्हेमध्ये रात्रीच्या प्रवासाला मागचा दिवा सक्तीचा असतो. पण नियम नसता, तरी पावसात मागून येणाऱ्या ट्रकला तो दिसलाच पाहिजे.

तिसरा प्रकार टायरच्या अगदी जवळून जातो. सीटखालून मागच्या आसापर्यंत उतरणाऱ्या दोन बारीक दांड्यांना तो रबरी पट्ट्यांनी बांधतात किंवा ब्रेकच्या बोल्टला आणि आसाला अडकवितात. जर्मनीतील सुंडर्न येथील ‘एसकेएस’ कंपनीचे ‘रेसब्लेड’ हे याचे परिचित उदाहरण. किंमत जास्त, बसवायला पहिल्यांदा अर्धा तास लागतो. पण पाणी उगमापाशीच अडवत असल्याने संरक्षण सर्वांत चांगले. पावसाळ्यात रोज सायकल चालविणाऱ्याने पैसे येथेच घालावेत.

मापाची अडचण

फसगत होते ती येथे. वीस वर्षांपूर्वी रोडबाइकला २३ मिलिमीटरचा टायर सर्वमान्य होता. आता २८ ते ३२ मिलिमीटर नेहमीचे झाले आहेत. जुन्या मापासाठी बनविलेले मडगार्ड अजूनही दुकानांत पडून असते आणि ‘रोडबाइकसाठी’ या एका शब्दावर विकले जाते. टायरच्या बाजूवर ‘२५-६२२’ किंवा ‘२८-६२२’ असा आकडा छापलेला असतो. त्यातील पहिला आकडा टायरची रुंदी सांगतो. मडगार्ड त्यापेक्षा निदान एक सेंटिमीटर रुंद हवे. टायरला बिलगून जाणारे मडगार्ड घ्यायचे, तर टायर आणि ब्रेक यांच्यामधली फटही पाहावी. काही सांगाड्यांत ती चार-पाच मिलिमीटरच असते. तेथे मडगार्ड कसेबसे बसले, तरी कामे चालू असलेल्या रस्त्यावरची खडी त्या फटीत अडकते. आवाज होतो तोवर ठीक. खडा घट्ट बसला, तर चाक अडते.

डिस्क ब्रेकच्या सायकलींना टायरवर ब्रेक नसल्यामुळे जागा मोकळी मिळते, पण ब्रेकच्या बोल्टला टेकणारी मडगार्डे त्यांना निरुपयोगी. तसेच चाक झटक्यात काढण्याच्या खिटीला अडकणारी मडगार्डे आरपार स्क्रूच्या आसाला बसत नाहीत. आणि जेथे बसतात, तेथे खिटी पूर्वीइतकीच घट्ट बंद होते की नाही, हे प्रत्येक वेळी तपासायला हवे.

कार्बनच्या सायकलीबाबत आणखी एक. पट्ट्याखाली वाळू साचते आणि दर झटक्याला रंग घासत राहते. एका मोसमात पांढरा ओरखडा पडतो. जुन्या ट्यूबचा तुकडा खाली घातला, की हे टळते आणि पट्टाही घसरत नाही. चिमट्याचा स्क्रू मात्र हाताला लागेल तेवढा जोर लावून पिळू नये.

दुकानातच मडगार्ड लावून चाक फिरवून पाहावे, सायकल वितभर उचलून सोडावी आणि आवाज ऐकावा. पट्टी थरथरून टायरला लागत असेल, तर ती रस्त्यावर गप्प बसणार नाही. लावायला-काढायला किती वेळ लागतो, तेही तेथेच पाहून घ्यावे. कारण स्टेशनबाहेर सायकल लावून लोकल पकडणाऱ्याला एक गोष्ट लवकरच कळते : जे मडगार्ड मालकाला दहा सेकंदांत काढता येते, ते इतरांनाही तेवढ्याच वेळात काढता येते. ते सोबतच्या पिशवीत मावते का, हे घेण्यापूर्वीच पाहिलेले बरे.