कुत्र्याचे पिल्लू : वर्तन व वळण (तिवसा परिसर)

घरी नव्याने आणलेल्या पिल्लाचे चावणे, कुरतडणे, घरात घाण करणे, रात्री रडणे, कोंबड्यांमागे धावणे इ. तक्रारी व त्यांवरील उपाय यांविषयीची नोंद. पशुवैद्यकाच्या दृष्टीने यांतील बहुतेक गोष्टी त्या त्या वयाला साजेशाच असतात. पिल्लाचे वय आणि घराची रीत यांचा मेळ बसला नाही, की त्यांची तक्रार होते.

अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुका नागपूर–अमरावती महामार्गावर असून कापूस, सोयाबीन, तूर व संत्रा ही येथील मुख्य पिके होत. रोही, रानडुक्कर व माकडे यांच्या उपद्रवामुळे शेताच्या जागलीवर आणि घराच्या राखणीला कुत्रे ठेवण्याची रीत जुनी आहे. ही कुत्री बहुधा गावठी असतात. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन इ. जातींची पिल्ले विकत आणली जातात. त्यांच्याही तक्रारी मूलतः याच.

वयाचे टप्पे : पिल्लाचे डोळे सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ सामाजिकीकरणाचा मानतात. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे केलेल्या दीर्घकालीन प्रयोगांवरील ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. या काळाविषयीची आजची समजूत बव्हंशी त्यावर उभी आहे. या आठवड्यांत माणसे, मुले, गुरे, ट्रॅक्टर, मिक्सर, बँड यांची हळूहळू ओळख झाली, तर पुढे त्यांची भीती कमी राहते.

गावठी कुत्री बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात माजावर येते, गर्भकाळ सु. ६३ दिवसांचा असल्याने पुष्कळशी पिल्ले दिवाळी ते संक्रांत या काळात जन्मतात. त्यामुळे त्यांचा दात बदलण्याचा काळ बहुधा उन्हाळ्यात येतो. तेव्हा अंगणात बाजा पडलेल्या असतात, चपला व अंथरूण-पांघरूण तोंडाच्या टप्प्यात असते आणि दुपारच्या उन्हामुळे पिल्लाला फिरवणे थांबते. कुरतडण्याच्या तक्रारी वाढण्यास हा योग कारण होतो.

चावणे : सर्वांत जास्त तक्रार याची. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात ते पडून ४२ कायमचे दात येतात. खेळताना किती जोराने चावावे याचा धडा पिल्लू भावंडांकडून घेते : चावा जोराचा बसला की भावंड ओरडते नि खेळ मोडते. आठ आठवड्यांआधी आईपासून तोडलेल्या पिल्लाचा हा धडा अपुरा राहतो. घरानेही तोच नियम चालवावा : दात लागताच खेळ बंद करावा, हात काढून घ्यावा, थोड्या वेळाने चावण्याजोगी वस्तू पुढे करावी. लहान मुलांना पळू देऊ नये. पळणाऱ्यामागे धावणे पिल्लाला खेळच वाटते. हात पुढे करून त्याला चिडवण्याची हौस बहुधा मोठ्यांची असते आणि चावा मुलांना बसतो.

चाव्याने कातडी फुटल्यास विषय वर्तनाचा राहत नाही. ‘पिल्लाच्या चाव्याने काही होत नाही’ हा समज घातक आहे. अलर्क रोग (रेबीज) पिल्लांनाही होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर मिरची, चुना, हळद लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात दाखवावे. पिल्लाला अलर्क रोगाची पहिली लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती पुन्हा देत राहावी लागते. पार्व्हो व डिस्टेंपर यांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात. लसीकरण पुरे होईपर्यंत पिल्लू घरातच ठेवावे की सामाजिकीकरणासाठी बाहेर न्यावे, यावर मतभेद आहेत. कडेवर घेऊन फिरवणे, पण अनोळखी कुत्र्यांपासून व त्यांच्या विष्ठेपासून दूर ठेवणे, हा मधला मार्ग.

कुरतडणे : चपला, नवार, फडा, विजेच्या तारा. दातांच्या सळसळीवर थंड, ओले फडके चावायला देतात. वऱ्हाडात अधिक धोका शेतीच्या वस्तूंचा : फवारणीच्या रिकाम्या बाटल्या, औषध लावलेले बियाणे, उंदरांचे विष. आंब्याची कोय गिळल्यास आतडे तुंबू शकते. वस्तू तोंडात घेऊन पळणाऱ्या पिल्लामागे धावू नये. बदल्यात दुसरी वस्तू द्यावी.

घरात घाण करणे : लहान पिल्लाला लघवी फार काळ धरता येत नाही, वय जितके महिने तितके तास, हा ढोबळ हिशेब. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यावे आणि काम होताच शाबासकी द्यावी. नाक घाणीत घासल्याने पिल्लू माणसाला भिते आणि पुढे लपून घाण करते. माणूस जवळ येताच आडवे होऊन मुतणे हे भीतीचे व लीनतेचे लक्षण असून तेथे रागावल्यास ते वाढते. वारंवार थोडी लघवी होणे, पातळ शी, विष्ठा खाणे यांत आधी पशुवैद्यकाकडून तपासणी करावी. गोलकृमी आईकडून गर्भातून व दुधातून पिल्लात येत असल्याने जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून देण्याची पद्धत आहे. वऱ्हाडात पशुवैद्यकाची पुढची सोय अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत मिळते.

रात्री रडणे : पहिल्या काही रात्री स्वाभाविक. माणसांच्या सोबतीला निजवल्यास लवकर थांबते.

कोंबड्या व करडे : पहिल्या तीन महिन्यांत दोरीने बांधून, शांतपणे, लांबून दाखवावे. एकदा धरून मारलेल्या कोंबडीची चव लागल्यावर सवय मोडणे अवघड जाते.

उकरणे : उन्हाळ्यात हा बहुधा थंडाव्याचा शोध असतो. मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जात असल्याने सावली, पाणी व ओली माती यांचीच सोय करावी. फिरवणे पहाटे वा दिवस मावळल्यावर.

भुंकणे : राखणीच्या कुत्र्यात दोष मानत नाहीत.

आज्ञा व शिक्षा : घरातील प्रत्येकाने तीच आज्ञा वापरावी. ‘यू यू’ बोलावण्यासाठी आणि ‘हाड’ हाकलण्यासाठी रूढ आहे. बोलावून मारल्यास पिल्लू पुढे हाकेला येत नाही. बक्षीस कृतीनंतर लगेच द्यावे. शिक्षेच्या बाजूचे जुने शिक्षक अजून आहेत. आजच्या पशुवर्तनतज्ज्ञांचा कल तिच्या विरोधात आहे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ सरमा या देवशुनीच्या पिल्लाला निष्कारण मारतात. त्याने हविर्द्रव्याला तोंडही लावलेले नसते. सरमा त्यांना जाब विचारते. अपराध न पाहता दिलेल्या शिक्षेचे हे वाङ्‌मयातले जुने उदाहरण.

नसबंदी : तिचे योग्य वय आणि तिचा वर्तनावरील परिणाम यांविषयी एकमत नाही.

कायदा : कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील अकरावे कलम या दोन गोष्टीही क्रूरतेत धरते : अवाजवी आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला हालचाल-व्यायाम न घडवणे. दिवसभर साखळीला नि रात्री जागलीला, ही अनेक शेतांवरील रीत या तरतुदीच्या कक्षेत येऊ शकते. साखळीवर वाढलेल्या पिल्लात येणाऱ्याजाणाऱ्यावर धावून जाणे अधिक दिसते, असे पशुवैद्यक सांगतात. सोडून दिलेल्या पिल्लांचे भवितव्यही बिकट असते : कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मोकाट पिल्लांपैकी केवळ १९ टक्के प्रजननक्षम वयापर्यंत जगली आणि मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे माणसाचा हात होता. ‘सुधारत नाही’ म्हणून पिल्लू महामार्गावर नेऊन सोडणे हा उपाय म्हणून या नोंदीत धरलेला नाही.